बरा झालेला मधू

पेपरात बातमी दुसऱ्या दिवशी शिळी होते. किस्से मात्र साचत जातात. चंद्रपूरच्या आमच्या कचेरीतले निम्मे किस्से मधू रामटेकेचे. पहिला त्याच्या आजाराआधीचा.

जंगलात मेंदूज्वर पसरला होता. "साथ वगैरे काही नाही," आरोग्य खात्याचे साहेब आम्हा पत्रकारांना ठासून सांगत होते. तेवढ्यात त्यांनी स्वतःच्याच गालावर फाडकन मारली.

"साहेब, हा डास काय दौऱ्यावर आला होता?" मधूने विचारले.

साहेब सोडून सगळे हसले!

*

दुसऱ्याच दिवशी मधू साथीची बातमी आणायला भामरागडच्या जंगलात गेला. बातमी लिहून पाकीट एसटीच्या कंडक्टरच्या हाती द्यायचे, ही आमची रीत. या वेळी पाकीट आलेच नाही. नदीला पूर, रस्ता बंद. पाणी उतरल्यावर मधूला जीपमधून आणले, तापाने बेशुद्ध.

महिन्याने डॉक्टरांनी कार्डावर लिहिले, "पूर्ण बरा."

त्याची बायको शांतावहिनी कार्ड घेऊन माझ्याकडे आली. "भाऊजी, चालून राह्यले, जेवून राह्यले. बाकी सारं घरी आलं. हसू तेवढं तिथीच राह्यलं."

*

मधू कामावर आला. त्याला मी हलके काम दिले, टेंडर नोटिसांची प्रुफे. बघतो तर डोळ्यांतून धार!

"काऊन रडून राह्यला बे? रस्त्याचं टेंडर आहे ते!"

"मले नाई माहीत, भाऊ. येते रडू. येऊ देतो."

*

छपाईचे मशीन सुरू झाले की तो टेबलाखाली शिरायचा. मशीनमन गणपत तसा उर्मट माणूस. पण रोज बटण दाबण्याआधी ओरडायचा, "मधूभाऊ, सुरू करून राह्यलो!" मधू कान झाकून घ्यायचा.

एकदा मधू रजेवर होता. गणपत सवयीने ओरडला. मग बराच वेळ त्याने बटण दाबलेच नाही.

*

मधूसाठी मी आरोग्य खात्याच्या त्या साहेबांकडे भांडायला गेलो. ते म्हणाले, "ताप उतरला ना? मग तक्रार कशाची?"

"मनाची!"

"त्याचा रकाना आमच्या फॉर्ममध्ये नाही."

हेच वाक्य मी साहेबांच्या नाव-हुद्द्यासह पहिल्या पानावर छापले. साहेबांनी खुलासा पाठवला: वाक्य बरोबर आहे, हुद्दा चुकला आहे!

*

दोन पावसाळे गेले. एके दिवशी दुपारी एक कंडक्टर कचेरीत आला. बदलीसाठी पेटी आवरताना तळाशी आमचे ते भामरागडचे पाकीट सापडले, म्हणाला. शाई पसरली होती, पण वाचता येत होते. नाव नव्हते. रीतीप्रमाणे नुसते 'आमच्या प्रतिनिधीकडून'.

मी कागद मधूसमोर ठेवले.

तो वाचू लागला. 'गावात गोळ्या पोचल्या नाहीत. गोळ्या वाटतानाचा फोटो मात्र काढून झाला आहे.' इथे तो थांबला. फिस्सकन हसला. मग खदखदा! गणपत मशीन सोडून धावत आला. डबा घेऊन आलेली शांतावहिनी दारातच उभी राहिली.

मधूने डोळे पुसले, कागद नीट जुळवले आणि माझ्या हातात दिले.

"भाऊ, कोण आहे हा पोट्टा? लय भारी लिहिते! याले आपल्याकडे बोलवा ना."