सीट ऊंची, फूटरेस्ट खाली : एका लांबुडक्या माणसाचं बडोदे ते महेश्वर

माझी उंची सहा फूट चार इंच आहे, आणि असा माणूस असू शकतो हे आपल्याकडे मोटरसायकली बनवणाऱ्यांना अजून कुणी कळवलेलं नाही. आमचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते, तेव्हा ही उंची कामाला येत असेल. मी बाजव्याकडच्या एका कारखान्यात पंप तपासतो. तिथे तिचा उपयोग शिडी न घेता ट्यूबलाइट बदलण्यापुरता.

दोन वर्षांपूर्वी हौसेनं लांबच्या प्रवासाची एक सेकंडहँड मोटरसायकल घेतली. दणकट गाडी, आवाज ऐकत राहावा असा. पण तिच्यावर बसलो की गुडघे पेट्रोलच्या टाकीला भिडायचे आणि पाठीचं पार धनुष्य व्हायचं. गेल्या हिवाळ्यात आबूला निघालो आणि परत आलो ते टेम्पोतून. गाडी उभी होती, मी आडवा होतो. बडोद्याच्या वाडी भागातल्या आमच्या अख्ख्या गल्लीनं ती मिरवणूक पाहिली.

म्हणून यंदा बायकोनं, म्हणजे मंजिरीनं, अट घातली. "महेश्वरला जाऊन येऊ. मी मागे बसते. परत आल्यावर तुम्ही कुणाचा हात न धरता सरळ उतरलात तर गाडी राहील. नाहीतर भावेशभाईंना देऊन टाकायची."

भावेशभाई म्हणजे समोरचे शेजारी. माणूस गोड, पण आबू प्रकरणापासून त्यांचा जीव माझ्या गाडीवर जडलेला. गाडीवर बसले की त्यांचे पाय जेमतेम जमिनीला टेकतात, पण प्रेमात पडल्यावर हे कोण बघतो? मला मात्र गाडी द्यायची नव्हती, अजिबात नव्हती. घर ते कारखाना, कारखाना ते घर या फेऱ्यांमध्ये मला दुसरीकडे कुठे नेणारी ती एकच वस्तू होती.

छाणीला मनुभाईंचं गॅरेज आहे. मनुभाईंचा आत्मविश्वास प्रचंड, ऐकून घेण्याची सवय कमी. गाडी त्यांच्याकडे सोडली आणि सांगायचं ते कारखान्यातून फोनवर सांगितलं. मागे मशिनांचा खडखडाट, त्यात मी ओरडून बोलतोय. घाईत गुजराती बोलायला लागलो की आमच्यासारख्यांची मराठी मधूनच डोकं वर काढते. मी ओरडलो, "सीट ऊंची करजो, हँडल ऊंचुं करजो, फूटरेस्ट खाली करजो!"

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही दोघं गाडी आणायला गेलो. सीट छान उंच झाली होती. हँडलखाली धातूचे ठोकळे घालून तेही वर आलं होतं. आणि पाय ठेवायची जागा मोकळी! पुढचे दोन्ही फूटरेस्ट गायब. दोन भोकं माझ्याकडे बघत होती.

"मनुभाई, आ शुं?"

"तमे ज तो कह्युं, फूटरेस्ट खाली करजो. में खाली करी नाख्युं! मने एम के तमे नवुं लावशो." नवे मीच आणणार असं समजून मनुभाई मनापासून खूश होते.

आता गुजरातीत खाली म्हणजे रिकामं. आणि मी जन्मभर बडोद्यात राहून, पाणीपुरीवाल्यापासून साहेबापर्यंत सगळ्यांशी गुजराती बोलून, ऐन वेळी मराठीतलं खाली बोलून बसलो होतो. मंजिरी गॅरेजच्या दारात पोट धरून हसत होती. मला हसू येत नव्हतं, कारण उजाडताच निघायचं होतं.

हसणं आवरल्यावर तीच म्हणाली, "आता रिकामं झालंच आहे तर बसून तर बघा. पाय कुठे जावेसे वाटतात ते सांगा."

बाजूला भिंतीच्या कामाच्या विटा पडल्या होत्या. मनुभाईंनी गाडी मधल्या स्टँडवर चढवली, मी बसलो, आणि मंजिरी माझ्या पायांखाली विटा रचत गेली. एक काढ, एक घाल, जरा पुढे सरकव. मी ऊं ऊं करत होतो. मग एका क्षणी गुडघे टाकीपासून सुटले, कंबर सैल झाली आणि तोंडातून आपोआप निघालं, "हाश!"

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. बडोद्याच्या मराठी माणसाचं निव्वळ हुश्श म्हणून भागत नाही. खरंच सुटका झाली की तो गुजराती माणसासारखा हाश म्हणतो. मंजिरी मनुभाईंना म्हणाली, "बस, हाश आवी गयुं. अहीं ज लगावो." मनुभाईंनी विटांच्या उंचीवर खडूची खूण केली, जाड पट्ट्या कापून वेल्डिंग केलं आणि जुने फूटरेस्ट त्या पट्ट्यांवर बसवले, आधीपेक्षा वीतभर नाही पण चांगलेच खाली आणि जरा पुढे.

तुमच्यापैकी कुणी लंबूटांग असेल तर एवढं लक्षात ठेवा. नुसती सीट उंच करून भागत नाही. सीट वर गेली की हँडल लांब पडतं आणि माणूस आणखी वाकतो, त्यामुळे तेही वर आणि आपल्याकडे घ्यावं लागतं. फूटरेस्ट फार खाली नेले तर वळणावर घासतात. सीटचा फोम मऊ घेऊ नका, दोन तासांत दबून पुन्हा होतो तिथे आणतो. या सगळ्याचा खर्च बऱ्या बुटांच्या एका जोडीइतका आला.

सकाळी धुक्यात निघालो. डभोईपर्यंत रस्ता चांगला आहे, कापसाने लादलेले ट्रॅक्टर तेवढे सांभाळा. बोडेलीला गरम फाफडा आणि संभारा, म्हणजे कच्च्या पपईचा परतलेला कीस, खाल्ला. मी गाडीवरून उतरताना मंजिरी माझ्याकडे नाही, दुसरीकडेच बघत होती. पण मी कण्हतो का हे ती कान देऊन ऐकत होती, हे मला माहीत होतं. मी सहज उतरलो. खरं तर अजून दुखायची वेळच झाली नव्हती.

छोटा उदेपूरला ओरसंग नदीचं नुसतं वाळूचं पात्र आडवं आलं. तिथून पुढे सागाची झाडं आणि टेकड्या सुरू होतात. तिथेच पहिली गडबड झाली. गिअर टाकायला जावं तर बूट दांड्याला लागेचना. फूटरेस्ट खाली गेला होता, गिअरचा दांडा मात्र जुन्याच उंचीवर राहिला होता. चढावर गिअर पडेना, मागून जीप हॉर्न मारतेय. कडेला घेतली, पाना काढला, दांडा सोडवून एक खाच खाली घेतला आणि पुन्हा आवळला. हेही लिहून ठेवा, कारण आम्ही तिघंही हे विसरलो होतो.

आलिराजपूर आलं. आबूच्या वाटेवर एवढाच वेळ चालवल्यावर पहिली कळ आली होती. दोन्ही बाजूंना ताडाची झाडं, ऊन सौम्य, रस्ता मध्य प्रदेशी, म्हणजे खड्ड्यांमध्ये अधूनमधून डांबर. मी पाठीकडे लक्ष देत होतो, झोपलेल्या तान्ह्या मुलाकडे देतात तसं. पाठ गप्प होती. गावाबाहेरच्या टपरीवर दाल-पानिया खाल्लं. पानिया म्हणजे आपल्या पानग्यांचे दणकट भाऊ, मक्याच्या पिठाचे, पानांमध्ये दाबून गोवऱ्यांवर भाजलेले. टपरीवाल्यानं मला खालून वर पाहिलं, मग गाडी पाहिली. "भैया, गाड़ी छोटी है कि आप ज़्यादा हो?"

"पहले ये ज़्यादा थे," मंजिरी म्हणाली, "अब गाड़ी बराबर हो गई है." तिनं असं म्हटलेलं मला फार आवडलं.

कुक्षी, मनावर ही गावं मागे टाकत ऊन उतरताना महेश्वरला पोहोचलो. गाडी थांबवली. पाय टाकला. कंबर सरळ झाली, आणि आपोआप, अगदी न ठरवता, "हाश" आलं. मंजिरीनं हेल्मेट काढत फक्त "हं" म्हटलं.

महेश्वरबद्दल काय सांगू? घाटाच्या पायऱ्या इतक्या रुंद आहेत की मलाही पाय पसरून बसता येतं. असं सार्वजनिक ठिकाण मला आयुष्यात कमी मिळालंय. समोर नर्मदा, मागे किल्ल्याच्या भिंती, नावाडी उगाच मागे लागत नाहीत. किल्ल्याजवळच्या हातमागांवर मंजिरीनं साडी घेतली. लॉजचा पलंग मात्र बुटक्यांसाठी होता, पाय बाहेर काढून झोपलो. तरी सकाळी उठलो तो सरळ. एक पूर्ण दिवस आम्ही काहीही केलं नाही, नदीकडे बघितलं आणि भुट्ट्याचा कीस खाल्ला. ज्यांना वेळ आहे त्यांनी दोन दिवस काढावेत.

परतीच्या वाटेवर गिअरचा दांडा पुन्हा सैल झाला. कुक्षीच्या अलीकडे थांबून आवळला आणि निघालो. छोटा उदेपूर मागे पडलं, बोडेली जवळ आली, आणि उजव्या कुल्ल्यात कळ आली.

मी थोडं डावीकडे सरकलो. कळ गेली नाही, उलट मांडीत उतरायला लागली. आबूलाही अशीच सुरुवात झाली होती. घर इतकं जवळ आलेलं, आणि आता? डोळ्यांसमोर भावेशभाई माझ्या गाडीवर बसून गल्लीतून दूध आणायला निघालेले दिसायला लागले. मला चक्क रडू यायच्या बेतात होतं. चाळिशीतला माणूस, हेल्मेटच्या आत, डोळे भरलेले.

"थांबवा," मागून आवाज आला.

"का? काही नाही."

"मघापासून तिरके बसलाय. थांबवा."

एका पिंपळाखाली थांबलो. उतरताना "आई गं" निघालंच. मंजिरीचा चेहरा पडला. मला वाटलं होतं तिला गाडी जावी असं वाटतंय, पण त्या चेहऱ्यावर तसं काहीच नव्हतं. ती माझ्या पाठीवर हात फिरवत खाली आली, कंबर दाबली, आणखी खाली आली आणि थांबली.

"हे काय आहे?"

माझ्या मागच्या खिशातून तिनं पाना बाहेर काढला. दांडा आवळून झाल्यावर मी तो पिशवीत न ठेवता खिशात कोंबला होता आणि कुक्षीपासून त्यावर बसून आलो होतो.

रस्त्याच्या कडेला आम्ही दोघं इतके हसलो की कापसाचा एक ट्रॅक्टर काय झालं म्हणून थांबला. कळ हळूहळू विरून गेली. डभोईपासून पुढे मी मोठ्यानं गात होतो, आणि माझं गाणं मंजिरीनं सहन केलं.

वाडीत शिरलो तेव्हा दिवेलागण होत होती. भावेशभाई ओट्यावर नवीन शर्ट घालून बसले होते. हे बघून मला वाईट वाटलं, खरंच. गाडी थांबवली. मंजिरी आधी उतरली आणि दोन पावलं लांब जाऊन उभी राहिली, हात देता येणार नाही इतकी लांब. मी पाय टाकला, ताठ उभा राहिलो, आणि आमच्या दाराच्या चौकटीवर डोकं आपटू नये म्हणून तेवढा वाकलो.

आठवडा झाला आहे. पाठ अजून गप्प आहे. महेश्वरहून साडी आली, थोडी वाळू आली, आणि पाना आता स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेला आहे, मंजिरीच्या ताब्यात. पुढच्या वेळी कुठे जायचं हे तीच ठरवणार म्हणते.

त्या संध्याकाळी भावेशभाई ओट्यावरून उतरले, सीटवरून हात फिरवला आणि आशेनं विचारलं, "तो भाभी, शुं नक्की कर्युं?"

मंजिरीनं त्यांना महेश्वरचा प्रसाद दिला आणि म्हणाली, "माफ करजो भावेशभाई. सीट खाली नथी."