सभासद क्रमांक ४१२

आमच्या घरात कोणी काय वाचावं हे मी ठरवतो. म्हणजे ठरवत होतो, गेल्या महिन्यापर्यंत.

माझी लेक ऋतुजा नववीत आहे. शाळेत दरवर्षी एका पुस्तकावर वर्गासमोर पाच मिनिटं बोलायचं असतं, ऐकायला आईवडिलांनाही बोलावतात. गेल्या वर्षी मी निवडून दिलेल्या ग्रंथावर ती दीड मिनिटात अडकली आणि घरी येऊन रडली. (दोष तिच्या वाचनाचा, असं मी तेव्हा जाहीर केलं होतं.) यंदाही मी तिला गंगापूर रोडवरच्या वाचनालयात नेलं आणि सातशे पानांची ऐतिहासिक कादंबरी हातात दिली.

"ही मी नववीत वाचली. जेवणाचं भान नव्हतं मला."

तिने पुस्तक उघडलं ते शेवटून! तिथे चिठ्ठी चिकटवलेली असते: कुठल्या नंबरच्या सभासदाने कधी नेलं, कधी परत केलं.

"बाबा, ४१२ आपलाच नंबर ना?"

"माझ्या शाळेपासूनचा. तेव्हा घरात वाचणारा मी एकटाच," मी ऐटीत म्हणालो.

"तुम्ही हे सात तारखेला नेलं आणि आठला परत केलंत."

"वेग होता मला."

ती तासभर कपाटं धुंडाळून एक फाटकं पुस्तक घेऊन आली. विहिरीतल्या भुताची कादंबरी.

"यावर ४१२ पाच वेळा आहे. हेच घेते."

"अगं, शाळेत भूत?"

"पाच वेळा नेलंत म्हणजे आवडलं असणार. एरवी लोक काहीही सांगतात, बाबा."

मी निमूटपणे वहीत नोंद केली.

शाळेत भाषणाच्या दिवशी ऋतुजा आठ मिनिटं बोलली. वर्गात कोणी हललं नाही. नायिका विहिरीत वाकते तिथे ती थांबली आणि म्हणाली, "पुढचं तुम्ही वाचा." माझा ऊर भरून आला. इतकं नेमकं थांबणं मला जन्मात जमलं नसतं.

"निवडलंस कसं?" बाईंनी विचारलं. तिने चिठ्ठीची सगळी हकिगत सांगितली आणि सभासद क्रमांक ४१२ कडे बोट दाखवलं. सगळा वर्ग माझ्याकडे वळून टाळ्या वाजवू लागला.

"अहो, उभे राहा," बायको हळूच म्हणाली. "सातशे पानांना कोणी टाळ्या वाजवल्या नसत्या."

परवा मी चोरपावलांनी वाचनालयात गेलो. म्हटलं, आता लपवायचं काय, सहाव्यांदा वाचू. ग्रंथपालबाईंनी वही उघडली.

"थांबावं लागेल. नववीतली अठरा मुलं तुमच्या आधी आहेत. तोवर ती सातशे पानी नेता का? ती कायम जागेवरच असते."