रविवारचा क्लब शनिवारी गेला

हीथ्रोहून पिनरला जाताना माझी धाकटी बहीण सुधा मला सांगलीच्या सगळ्या नातेवाइकांची खुशाली विचारत होती. तिचे यजमान श्रीधरराव गाडी चालवता चालवता आरशातून माझ्याकडे निरखून पाहत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"दादा, तुमचे गुडघे कसे आहेत?"

श्रीधरराव इथल्या सरकारी रुग्णालयात भूल देणारे डॉक्टर आहेत, तेव्हा ही वैद्यकीय चौकशी असेल असं मला वाटलं. गुडघे उत्तम आहेत, असं मी खरं ते सांगितलं. त्यांचा चेहरा खुलला. का खुलला, ते घरी पोचल्यावर समजलं.

ही एक्याण्णव सालच्या जून महिन्यातली गोष्ट. पिनर हे लंडनच्या वायव्य कडेचं उपनगर. दोन दोन घरं खांद्याला खांदा लावावा तशी जोडलेली, पुढे गुलाब, मागे हिरवळ, आणि रात्री नऊ वाजले तरी स्वच्छ उजेड. त्या उजेडात मागच्या अंगणात बसून श्रीधररावांनी मला त्यांच्या क्रिकेट क्लबची हकीकत सांगितली.

क्लब महाराष्ट्रीय मंडळींनी काढलेला. निम्मे डॉक्टर, निम्मे दुकानदार आणि नोकरदार. पूर्वी तो रविवारच्या लीगमध्ये (म्हणजे ठरलेल्या क्लबांच्या साखळी स्पर्धेत) होता. त्या लीगमध्ये आठ क्लब, सगळे लंडनच्या परिसरातले, आणि मुख्य वैर क्रॉयडनच्या क्लबशी. मग दोन वर्षांपूर्वी लीग फुटली. तीन मोठे क्लब वरच्या लीगमध्ये निघून गेले, क्रॉयडनसह काही जुन्याच जागी राहिले, आणि आमच्या मंडळींनी मत घेऊन शनिवारच्या लीगमध्ये अर्ज केला. श्रीधरराव क्लबचे सेक्रेटरी. नव्या लीगमध्ये गेलो तर नवे, तरणे खेळाडू मिळतील, असं आश्वासन त्यांनीच दिलं होतं.

आश्वासन अर्धं खरं ठरलं. पहिल्या संघाला खरोखरच पाच चांगले खेळाडू मिळाले. त्यात एक ऑस्ट्रेलियन विद्यार्थी होता आणि एक जमैकन बसचालक. संघ गुणांच्या तक्त्यात तिसरा होता. पण नव्या लीगचा नियम असा की प्रत्येक क्लबने दुसरा संघही उतरवायचा. दुसरा संघ जुन्या सभासदांचा, कप्तान स्वतः श्रीधरराव, आणि दुकानदारांना शनिवार कुठला मोकळा? प्रेक्षकांचंही तेच. रविवारी साठ माणसं डबे घेऊन यायची, आता आठ-नऊ. दुसरा संघ या मोसमात दोनदा अपुरा उतरला होता. तिसऱ्यांदा उतरला की क्लबचं नाव लीगमधून कटणार होतं, आणि जुन्या लीगमध्ये परतायची वाट बंद झालेली होती. पुढच्या शनिवारी त्यांच्याकडे दहाच जण होते.

"क्लब मी हलवला. बुडाला तर मीच बुडवला म्हणतील," श्रीधरराव म्हणाले.

मी कॉलेजात असताना सलामीला खेळायचो, हे सुधाने त्यांना सांगून ठेवलं होतं. मी किती धावा काढायचो ते मात्र तिने सांगितलं नव्हतं. मी एवढंच विचारलं की पाहुण्याच्या व्हिसावर आलेल्या माणसाने स्पर्धेत खेळणं कायद्यात बसतं का. पैसे मिळत नाहीत, उलट वर्गणी भरावी लागते, असं ते म्हणाले. मी वर्गणी भरली आणि माझं नाव रीतसर नोंदवलं गेलं.

दुसऱ्या दिवशी सुधाबरोबर वेम्बलीला ईलिंग रोडवर गेलो. कोथिंबिरीच्या जुड्या, आंब्याच्या पेट्या, साड्यांची दुकानं, देवळाची घंटा. ऊन असूनही सगळ्यांनी स्वेटर घातलेले, एवढाच फरक. पोह्यांसाठी आम्ही पोतदारांच्या दुकानात शिरलो. पोतदार क्लबच्या संस्थापकांपैकी. डावखुरे फिरकी गोलंदाज, वय पंचावन्न. लीग बदलल्यापासून ते श्रीधररावांशी बोलत नव्हते. मी कोण हे कळल्यावर त्यांनी पोहे नीट मोजून दिले आणि मग बोलले.

"तुमचे मेहुणे सांगत असतील, पोतदारने क्लब सोडला म्हणून. अहो, मी कुठं गेलो? मी रविवारीच आहे. क्लब शनिवारी गेला."

काउंटरमागून पोतदारकाकू म्हणाल्या, "आणि रविवारी हे क्रॉयडनला जातात. दुश्मनाकडे."

पोतदार आंब्याच्या पेट्या रचायला लागले.

त्या रविवारी क्रॉयडन पाहायला म्हणून मी आणि माझी भाची नेहा ट्रेनने गेलो. क्रॉयडन म्हणजे दक्षिण लंडनमधलं उंच कचेऱ्यांचं गाव. काचेच्या इमारती, खाली सुट्टीची शांतता. व्हिसाची सरकारी कचेरी दिसली तेव्हा खेळण्याबद्दल एकदा खात्री करून घ्यावी असं मला वाटलं. आज रविवार आहे, असं म्हणून नेहाने मला पुढे ओढलं.

क्रॉयडन क्लबचं मैदान स्टेशनपासून वीस मिनिटांवर. कडेला घडीच्या खुर्चीवर पोतदार बसलेले. त्यांच्याशेजारी बसून मी तासभर सामना पाहिला आणि एक गोष्ट लक्षात आली. क्रॉयडनचा चौकार गेला की पोतदार थर्मासचं झाकण फिरवत बसत. क्रॉयडनची विकेट पडली की टाळ्या. त्या दिवशीचा पाहुणा संघ कुठला, हेही त्यांना नक्की माहीत नव्हतं. मी तसं विचारलं.

"कुठला का असेना. ह्यांना कोणीतरी हरवायला हवं ना," ते म्हणाले.

मग मी त्यांना सरळ सांगितलं, शनिवारी संघात दहा माणसं आहेत, अकरावा मी आहे, आणि मी तीस वर्षांत बॅट धरलेली नाही. त्यांनी थर्मासचं झाकण घट्ट बसवलं. "शनिवारी दुकानात गर्दी असते," एवढंच म्हणाले.

शनिवारी आम्ही मेट्रोपॉलिटन लाइनच्या शेवटच्या स्टेशनावर उतरलो आणि तिथून पुढे चार मैल दोन गाड्यांतून गेलो. जुन्या लीगमध्ये एवढ्या दूर कोणी कधी गेलं नव्हतं. पण गाव सुरेख. चर्चचा चौकोनी मनोरा, उतरणीवर मेंढ्या, मैदानाच्या एका कडेला ओकची झाडं आणि पॅव्हिलियन (लाकडी खोली आणि पुढे पडवी). माझे बूट नेहाचे होते. तिचे पाय मोठे आहेत.

नाणेफेकीच्या थोडं आधी कच्च्या वाटेने दुकानाची व्हॅन हलत हलत आली. आतून पोतदार उतरले, पांढऱ्या कपड्यांत. दुकान काकूंनी ताब्यात घेतलं होतं आणि त्यांना अक्षरशः बाहेर काढलं होतं. श्रीधरराव पुढे झाले, मग थांबले. पोतदारही थांबले. संघ पुरा होता. यादी दिलेली होती. वर्षानुवर्षांनी शनिवारी दुकान सोडून आलेल्या माणसाला आता प्रेक्षक हो, असं कोण सांगणार?

तेवढ्यात समोरचा कप्तान आला. गावचा पोस्टमन, उंच आणि लाजाळू. त्याने श्रीधररावांना बाजूला घेतलं. त्याच्या संघातली दोन पोरं या वर्षी शेजारच्या मोठ्या क्लबने नेली होती, त्यांच्याकडे दहाच जण होते, आणि तेही या मोसमात दोनदा अपुरे उतरले होते. जादा माणूस उसना मिळेल का? दोन्ही कप्तान राजी असतील तर ते आणि यादी बदलणंही नियमात बसत होतं. श्रीधररावांनी नकार दिला असता तर आयते गुण आमचे होते. त्यांनी क्षणभरही विचार न करता होकार दिला.

"मी जातो. पोतदारांना माझ्या जागी घ्या," मी म्हणालो.

अशा रीतीने सांगलीचा मी इंग्रज खेड्याच्या संघात गेलो. नेहा गुणलेखक. तिने आपल्या लंडनी मराठीत ओरडून विचारलं, "मामा, तुझा नाव कुठे लिहू? आपल्यात की त्यांच्यात?"

"त्यांच्यात," मी म्हणालो. एकदा ठरलं म्हणजे ठरलं.

आमच्या, म्हणजे आता समोरच्या, मंडळींनी प्रथम खेळून एकशे छप्पन धावा केल्या. श्रीधरराव छान जमले होते. त्यांनी मारलेला एक चेंडू उंच माझ्याकडे आला, मी डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा तो हातात होता. सारा गाव माझ्या पाठीवर थापा मारत होता. पडवीतून सुधाचा आवाज आला, "सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला, दादा?"

चहाच्या वेळी काकडीचे सँडविच, स्कोन नावाचे गोडसर पाव आणि जाड साय. आमच्याकडून गेलेल्या बटाटेवड्यांचा डबा पोस्टमनने आपल्याजवळ ठेवून घेतला.

यजमानांनी उसना घेतलेला म्हणून मी अकरावा फलंदाज. मी आत गेलो तेव्हा अकरा धावा हव्या होत्या, शेवटचं षटक उरलं होतं, आणि गोलंदाज पोतदार. माझी विकेट पडली असती तर आमचा क्लब जिंकणार होता; नाही पडली तर, या लीगच्या नियमाप्रमाणे, सामना अनिर्णित. माझ्या मनात एकदाच आलं की चुकावं. पण पोस्टमन समोरून फार विश्वासाने पाहत होता. मी फटका मारला नाही. बॅट पुढे, डोकं खाली, एकेक चेंडू जमिनीत दाबला. सहाही. सामना अनिर्णित. दोन्ही संघांत पुरी माणसं, दोन्ही संघ लीगमध्ये शाबूत.

पोतदार चिडून लाल झाले होते. हसतही होते. "सहा चेंडू! एका पाहुण्याला सहा चेंडू!" मग श्रीधररावांकडे वळून, दोन वर्षांनी पहिल्यांदा, "तू सिली पॉइंटला, अगदी बॅटीपाशी, माणूस का नाही लावलास रे?"

"तुम्ही मागितला कुठे?"

"मी मागायचा? कप्तान कोण आहे? आणि पुढचा शनिवार कोणाशी आहे? हे असं अर्धवट सोडून मी दुकानात बसणार नाही."

महिन्याअखेर मी निघालो तेव्हा दोघेही मला विमानतळावर सोडायला आले. पोतदार सलग तीन शनिवार खेळले होते आणि त्यांच्यापाठोपाठ ईलिंग रोडवरचे आणखी दोघे. पुढच्या सीटवर क्षेत्ररचनेवरून इतकं जोरात भांडण चाललं होतं की श्रीधररावांचं वळण चुकलं, आणि मी चेक-इनला शेवटचा पोचलो.

सांगलीत लोक विचारतात, लंडनमध्ये काय पाहिलं. राजवाडा पाहिला, पूल पाहिला, ते मी सांगतोच. पण क्लब कुठल्याही लीगला जोडा, वार कुठलाही ठरवा, माणसं तक्त्यामागे जात नाहीत. ज्याच्याशी भांडायला मजा येते, त्याच्यामागे जातात.