टेप सरली, गाणं नाही

लातूर जिल्हा नवा झाला होता आणि दुष्काळ पडला होता, तेव्हा मी जळकोटच्या शाळेत शिक्षिका होते. पहिल्या पगारात घेतलेला टेपरेकॉर्डर एवढीच माझी चैन. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडून परतणारी एक मावशी माझ्या खोलीजवळच्या हापशावर थांबायची. रांगेत उभी राहून स्वतः रचलेली गाणी गुणगुणायची. एका रविवारी मी तिला घरात टेपसमोर बसवलं. कॅसेटच्या दोन्ही बाजू भरेपर्यंत ती गायली.

ती कॅसेट मी कौतुकानं लातूरच्या मैत्रिणीला ऐकायला दिली. काही महिन्यांनी कचेरीच्या कामाला लातूरला गेले, तर स्टँडजवळच्या हाटेलात मावशीचा आवाज. शेजारच्याच दुकानात तिच्या कॅसेटी विकायला होत्या. कव्हरवर नुसतं 'लोकगीते'. मैत्रिणीनं एक प्रत काढायला दिली होती, बाकीच्या दुकानदारानं स्वतःच काढल्या.

"लोकगीतांना कुठं मालक असतो का, बाई?" तो म्हणाला.

गावी येऊन मी मावशीला सगळं सांगितलं. दुकानदाराला नावं ठेवायला मला तोंड नव्हतं, तिला न विचारता कॅसेट मीच दिली होती.

ती म्हणाली, "लोकं ऐकायलेत, त्याचं वाईट न्हाई. पण मला इचारायला पायजे होतं. त्यानं बी, तुमी बी."

मी माफी मागितली. पुढच्या रविवारी आम्ही दोघी एस.टी.नं लातूरला गेलो. दुकानात ती भांडली नाही. काउंटरपाशी उभी राहिली आणि कॅसेटमधलं शेवटचं गाणं म्हणू लागली. गिऱ्हाइकं थांबली.

"हे कडवं कॅसेटमध्ये नाही," दुकानदार म्हणाला.

"टेप सरली होती. गाणं न्हाई सरलं."

त्यानं तिला स्टूल दिलं, चहा मागवला. नव्या कव्हरांवर तिचं नाव छापलं, आणि विकलेल्या प्रत्येक कॅसेटमागं तिचा वाटा ठरवला. दुकान चालू होतं तोवर तो तिला मिळत राहिला. त्या माणसाबद्दलही माझ्या मनात आज राग नाही.

मावशीनं मला एका शब्दानं दुखावलं नाही. पाऊसपाणी झाल्यावर आपणहून खोलीवर आली आणि म्हणाली, "बाई, दुसरी भरायची का? ह्या टायमाला कुणाला द्यायची ते मी सांगन." मी लगेच नवी कोरी कॅसेट काढली.