एकतीस नंबरची खोली

घुम्याला सगळे घुम्या म्हणत ते तोंडावर, आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. बोलणं कमी, काम चोख. जुनी रिव्हर्ब यंत्रं दुरुस्त करणारा शहरात तो एकटाच उरला होता. हे काय प्रकरण आहे असं कुणी विचारलं, की तो एका दमात सांगून मोकळा व्हायचा, "कोरडा आवाज आत घालायचा, बाहेर येताना त्याला खोली मिळते. लहान, मोठी, दगडी, लाकडी, पाहिजे तशी." चाळीस वर्षांपूर्वीची ती डबडी, पुढे लाल आकडे, उचलताना कंबर धरेल इतकी जड. आता तेच काम कॉम्प्युटर चुटकीसरशी करतो. पण काही हट्टी कान जुन्यालाच चिकटून बसले होते, आणि त्यांतला सगळ्यात हट्टी कान घुम्याच्या थोरल्या भावाचा.

थोरला रेकॉर्डिस्ट होता आणि वहिनी गायची. घराच्या मागच्या खोलीत, भिंतींना जुन्या गाद्या टांगून, दोघांनी जन्मभर लहान मुलांसाठी गाणी रेकॉर्ड केली. वहिनीच्या आवाजासाठी थोरल्याने यंत्राच्या मेमरीत एकतीस नंबरला स्वतःची एक खोली बसवली होती, आणि त्या खोलीच्या आकड्यांशी तो सारखा काहीतरी खुडबुड करत असायचा. "दादा, आकडे कुठेतरी लिहून ठेव ना," सांगून सांगून घुम्याच्या तोंडाला फेस आला. "कानात आहेत," थोरला म्हणायचा. आता बोला. गेल्या थंडीत तो गेला.

तीन महिन्यांनी वहिनी टॅक्सीतून यंत्र घेऊन दुकानात आली.

"भावजी, आत भुणभुण येतेय. दोन गाणी राहिलीत. ती यांच्याच खोलीत गाते, मग बास, गाणं बंद. एकतीसला तेवढा हात लावू नका."

"वेडा आहे का मी?" घुम्या म्हणाला. तिच्यादेखत त्याने '३१ पुसू नये' अशी चिठ्ठी लिहून झाकणावर चिकटवली. आता झाकण काढल्याशिवाय यंत्र उघडायचं कसं? झाकण निघालं आणि चिठ्ठीसकट बाकाखाली गेलं.

पुढचं काम त्याने देखणं केलं. फुगलेले कपॅसिटर बदलले, भुणभुण गेली. मेमरी जपणारा सेल म्हातारा झाला होता. तो काढायच्या आधी दुसऱ्या सेलची वायर जोडली, कारण क्षणभर जरी वीज तुटली तरी सगळं पुसलं जातं. नवा सेल बसला, एकतीस जागच्या जागी. घुम्याने सुस्कारा सोडला. आणि मग त्याची दोन बोटं पुढे झाली. प्रत्येक दुरुस्तीनंतर दोन बटणं एकदम दाबून यंत्र चालू करायचं, म्हणजे मेमरी धुतली जाते आणि कंपनीच्या मूळ खोल्या परत येतात, ही त्याची तीस वर्षांची रीत. गिऱ्हाइकं आपापले आकडे लिहूनच आणत, त्यामुळे कधी कुणाचं बिघडलं नव्हतं. डोक्याला कळेपर्यंत हातांनी काम उरकलं होतं.

त्याने एकतीस लावून पाहिला. तिथे कंपनीचा मोठा हॉल होता, प्रत्येक यंत्रात असतो तोच. घुम्या स्टुलावर बसला आणि रडला. भाऊ गेला तेव्हासुद्धा तो इतका रडला नव्हता.

खरं तर तेव्हाच फोन करायचा. पण नाही केला या माणसाने. त्याच्याकडे वहिनीची पहिली गाणी होती, त्याची लेक ज्यांवर वाढली ती. ती ऐकत, एकेक आकडा पुढेमागे करत, आठ दिवस खपून त्याने ती खोली पुन्हा उभी केली. त्याच्या कानाला तरी हुबेहूब वाटली. कुणाला काही कळणार नाही, असं मनाशी ठरवून त्याने यंत्र स्वतः वहिनीकडे नेऊन जोडलं.

वहिनीने हेडफोन चढवले, डोळे मिटले आणि एक ओळ गायली. सूर संपला, मागोमाग घुमणंही संपलं, आणि मग तिने घेतलेला श्वास ऐकू आला. धाप लागल्यासारखा. ती थांबली. पुन्हा गायली, पुन्हा तिथेच अडली.

"भावजी, हा माझा आवाज आहे?"

घुम्या मागच्या वायरी तपासू लागला.

"दम पुरत नाहीये मला. कधीपासून असं होतंय?"

तेव्हा घुम्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्याने उभी केली होती ती तिशीतल्या वहिनीची खोली. थोरल्याने तिच्या वयाबरोबर घुमणं दरवर्षी थोडंथोडं लांबवत नेलं होतं, तुटलेला श्वास त्याखाली झाकला जावा म्हणून. आणि तिला पत्ता लागू दिला नव्हता.

"वहिनी, एकतीस माझ्या हातून पुसला गेला," तो म्हणाला. "हा मी लावलाय, जुन्या गाण्यांवरून. दादाचा याहून लांब होता. बराच."

वहिनीने लाल आकड्यांवरून बोट फिरवलं. रागावली असती तर घुम्याला बरं वाटलं असतं.

"मला वाटायचं, मी अजून पहिल्यासारखीच गाते," ती म्हणाली.

त्याने बटणाकडे हात नेला. "वाढवू का थोडं?"

"नको. तुम्ही वाढवलंत तर मला माहीत असेल ना."

तिने हेडफोन काढून यंत्रावर ठेवले आणि चहा टाकते म्हणून उठली. ती दोन गाणी राहिली ती राहिलीच.