पुण्याचा दर

पेट्रोल महागलं की आमच्या घरी सगळे पंपवाल्याला शिव्या घालतात. मी घालत नाही. माझं डोकं तडकतं ते वेगळ्याच लोकांवर, आणि त्यातले बरेचसे आता हयातही नाहीत. माझ्या वडिलांचा नंबर त्यात पहिला. वडिलांबद्दल असं बोलू नये म्हणतात. मी सत्तर वर्षं बोलले नाही, आता बोलते.

आम्ही बंगळूरला राहायचो, पण शहरात नव्हे. यशवंतपूरच्या पुढे तीन मैलांवर एका सरकारी कारखान्याची नवीकोरी वसाहत होती. पुण्या-मुंबईकडून आलेली दहा-बारा मराठी कुटुंबं, घरातले पुरुष सगळे इंजिनियर. भोवती माळरान, रागीची शेतं आणि वारा. शहराची बस यशवंतपूरपर्यंतच यायची. कारखान्याची बस कामगारांची, तीत मुलांना घेत नसत. मुलग्यांना सातवी झाली की सायकल मिळायची. मुलींनी त्या माळावरून सायकल हाणत जायचं म्हटलं तर आयांच्या आधी बापच नको म्हणायचे. मग आम्हा सहा मुलींना मल्लेश्वरमच्या हायस्कुलात न्यायला एक व्हॅन ठरवली होती.

व्हॅन म्हणजे लष्करानं मोडीत काढलेली, मागे दोन लाकडी बाकं ठोकलेली गाडी. ती चालवणारे अण्णा निपाणीचे. घरी मराठी, बाजारात कानडी, आणि आमच्याशी दोन्हींची मिसळ. "स्वल्प सरका गं पोरीनू, अजून एक अक्का बसायची हाय," असं म्हणायचे. आम्ही त्यांच्या नातीच्या वयाच्या, पण ते आम्हाला अक्काच म्हणत. वसाहतीतल्या लोकांना त्यांची भाषा ऐकून हसू यायचं. "हे धड मराठी नाही की धड कानडी नाही," असं माझे वडील त्यांच्यासमोर म्हणायचे. अण्णाही हसायचे. मला तेव्हाही ते आवडत नसे.

मी सहा जणींत मोठी. एस.एस.एल.सी.चं वर्ष होतं, आमच्या घरी त्याला मॅट्रिकच म्हणत. म्हणून माझी जागा पुढे, अण्णांच्या शेजारी. मला डॉक्टर व्हायचं होतं. मॅट्रिक झाल्याशिवाय कॉलेज नाही, कॉलेजशिवाय काहीच नाही, एवढं मला पक्कं ठाऊक होतं.

छप्पन्न सालचा नोव्हेंबर. एके दिवशी अण्णांनी तुमकूर रोडच्या पंपावर गाडी थांबवली. तिथला माणूस हातानं दांडा हलवून वरच्या काचेच्या बरणीत पेट्रोल चढवायचा, मग ते नळीतून गाडीत उतरायचं. आम्हाला ती गंमत वाटायची. त्या दिवशी अण्णांचा चेहरा उतरला. गॅलनचा दर वाढला होता, आणि थोडाथोडका नाही.

"का हो वाढला?" मी खिडकीतून विचारलं. मला गप्प बसवत नाही, हा माझा जुना रोग.

पंपवाला तमिळ माणूस, मोडक्या इंग्रजीत पण मन लावून सांगणारा. त्यानं कंपनीचं पत्रक दाखवलं. इजिप्तमधला कालवा लढाईमुळे बंद झाला होता. तेलाच्या जहाजांना अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालावा लागत होता, म्हणून जहाजांचं भाडं आभाळाला भिडलं होतं. मी म्हटलं, पण आपलं पेट्रोल तर आता मुंबईतच शुद्ध होतं ना, वडिलांनी पेपरात वाचलं होतं. तो हसला. म्हणाला, कुठेही होऊ दे, हिशेब परदेशातून बोटीनं आणल्यासारखाच धरतात. मग बंदरापासून गावापर्यंतचं रेल्वेचं भाडं. मद्रासला बंदर आहे, म्हणून तिथे कमी. बंगळूरला पोचेपर्यंत जास्त. वर ज्या त्या राज्याचा विक्रीकर. म्हणून गाव बदललं की दर बदलतो.

"आणि तुमच्या जमिनीखालच्या टाकीत आहे ते? ते तर कालवा बंद व्हायच्या आधीच आलंय!"

"तेही आजपासून नव्या दरानं," तो म्हणाला. कपाळ माझं! ज्या पेट्रोलनं बोट पाहिली नाही, त्यालाही बोटीचं भाडं. मी शाळेत पोचेपर्यंत धुमसत होते. अण्णा एवढंच म्हणाले, "अक्का, मोठ्यांचा कारभार हाय ह्यो. आपल्याला गाडी चालवायची हाय."

त्या आठवड्यात त्यांनी घरोघरी जाऊन, हात जोडून सांगितलं, की महिन्याला मुलीमागे एक रुपया वाढवून द्या. दर उतरला की मी आपणहून कमी करीन. एक रुपया! आमच्या घरी पानसुपारीला त्याहून जास्त जायचा.

पण आमच्या वसाहतीत साधं काही व्हायचंच नाही. जिथे दहा मराठी माणसं, तिथे मंडळ. जिथे मंडळ, तिथे समिती. रविवारी आमच्या हॉलमध्ये चटया अंथरून बैठक भरली. चहा झाला, चिवडा झाला, आणि मग शंका निघाली. रुपया हा प्रश्नच नव्हता, असं सगळे एकमेकांना सांगत होते. प्रश्न तत्त्वाचा होता. हा निपाणीवाला आपल्याला बनवतोय की काय?

आणि मग त्या शहाण्यांनी काय केलं असेल? पंपावर जाऊन विचारलं? छे! पंप दोन मैलांवर होता, तिथे कोण जातो. त्यांनी पत्रं लिहिली. पुण्याला मेहुण्याला, मुंबईला भावाला, नाशिकला चुलत्याला. तुमच्याकडे पेट्रोलचा गॅलन कसा, ते उलट टपाली कळवा. पंधरा दिवसांत उत्तरं आली. वडिलांनी ग्राफचा कागद काढला, हिशेबाची स्लाइड रूल काढली. गावांची नावं खाली, दर उभे, वर पेन्सिलीनं रेघ. तक्ता लिहायला मला बसवलं, कारण माझं अक्षर वसाहतीत सर्वांत चांगलं. मंडळाची पत्रं, अर्ज, निमंत्रणं, सगळी माझ्याच हातची.

मी लिहिता लिहिता पंपवाल्यानं सांगितलेलं सगळं वडिलांना सांगितलं. बंदर, रेल्वे, कर, कालवा. ते म्हणाले, "रेघ नीट मार."

निष्कर्ष असा निघाला की पुण्याचा दर रास्त आहे, अण्णा सांगतात तो जास्त आहे, आणि मधला फरक अण्णांच्या खिशात जातो. अण्णांनी पावत्या आणल्या होत्या, पण त्या कानडीत. वाचायला कुणाला येत होत्या! कारखान्यात विमानांचे सुटे भाग केसभर न चुकता बनवणारी माणसं ही. त्यांनी पुण्याच्या पेट्रोलवर बंगळूरची व्हॅन चालवायची ठरवली.

अण्णांना बैठकीला बोलावलं. ते दाराशी उभे राहिले, चटईवर बसा असं कुणी म्हटलं नाही. वडिलांनी ग्राफ त्यांच्यापुढे धरला. "हा पुण्याचा आजचा दर, इथल्या जुन्या दराएवढाच. या दरानं जितकी वाढ होते, तितकी आम्ही देऊ. म्हणजे काहीच नाही."

अण्णांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "साहेब, पुण्याचा दर बराबर असंल. पर मी पेट्रोल यशवंतपूरला घालतो न्हवं?"

दोघंतिघं हसले. मी चहाचे कप उचलत होते, ते तसेच हातात धरून थांबले. महिन्यापूर्वीच या सगळ्यांनी सह्या करून वरच्या साहेबांना अर्ज दिला होता. प्रत्येक गावची महागाई वेगळी असते, बंगळूरमध्ये जिनसा लांबून येतात, सबब शहर भत्ता वाढवून मिळावा. मला कसं ठाऊक? तो अर्जही मीच लिहिला होता.

"बाबा," मी म्हटलं, "भत्त्याच्या अर्जात आपणच लिहिलंय ना, की गावागणिक भाव वेगळे असतात? मग भत्ता बंगळूरचा आणि पेट्रोल पुण्याचं, असं कसं?"

कुणीतरी खोकलं. वडिलांचे कान लाल झाले. मला वाटलं, आता पटेल, आता हे लोक हसतील आणि रुपया देऊन टाकतील. इतकी मी बावळट होते.

"आत जा," वडील म्हणाले. "आणि मोठ्यांच्या मधे पुन्हा तोंड घालायचं नाही."

मी आत गेले. आई ओट्याशी उभी होती, तिनं माझ्या हातातले कप घेतले आणि विसळायला लागली. बाहेर अण्णांचा आवाज आला. "मग मला परवडायचं न्हाई, साहेब. राग मानू नका." आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून व्हॅन बंद झाली.

सगळ्यांची खात्री होती की चार दिवसांत अण्णा वळणावर येतील. चाराचे आठ झाले, आठाचे पंधरा. दुसरी व्हॅन शोधली, तिनं तर दोन रुपये जास्त मागितले. तिच्याकडे जायचं तर अण्णा खरे ठरले असते, म्हणून तीही नको. माझा धाकटा भाऊ रोज सायकलची घंटी वाजवत शाळेला जायचा. मी दारात उभी राहून बघायची. मी वडिलांना म्हटलं, मी चालत यशवंतपूरला जाते, तिथून बस पकडते. नाही. भावाच्या मागे डबलसीट बसते. नाही. अहो, मग मी करू काय? "घरी अभ्यास कर. हुशार आहेस ना!"

घरी अभ्यास केला. पाठ केलं सगळं. पण शास्त्राचे प्रयोग स्वयंपाकघरात होत नाहीत, आणि हजेरी घरी लागत नाही. फेब्रुवारीत मुख्याध्यापिकेचं पत्र आलं. हजेरी कमी भरल्यामुळे परीक्षेचा फॉर्म पुढे पाठवता येत नाही. वडिलांनी ते दोनदा वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. मी रडून घर डोक्यावर घेतलं. एका रुपयासाठी, बाबा! एका रुपयासाठी! त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "रुपयाचा प्रश्नच नव्हता," एवढंच म्हणाले.

मग कधीतरी तो कालवा उघडला. दर वर जाताना एका दिवसात गेला होता, उतरताना बैलगाडीनं उतरला. पण उतरला. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी अण्णा आपणहून आले. म्हणाले, पेट्रोल खाली आलंय, जुन्याच दरानं नेतो. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं. दिला शब्द पाळायला आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॅन फाटकाशी उभी राहिली. पाच जणी चढल्या. पुढची जागा रिकामी होती. अण्णांनी आतूनच दार उघडलं. "ये की अक्का, तुझी जागा ठेवलीया."

"मी नाही येत, अण्णा. फॉर्मच गेला नाही माझा. आता वडील म्हणतात, तेच वर्ष पुन्हा कशाला."

त्यांनी इंजिन बंद केलं. "मी तसंच न्यायला पायजे होतं," म्हणाले. "गाठीचं घालून न्यायला पायजे होतं." बघा, अख्ख्या वसाहतीत चूक कबूल केली ती एकट्या अण्णांनी, आणि ती त्यांची नव्हतीच.

त्या संध्याकाळी वडील फार खुशीत होते. "बघा, आला की नाही खाली? मी म्हणत नव्हतो!" दर कालवा उघडल्यामुळे उतरला हे पेपरात छापून आलं होतं, तो पेपर त्यांच्याच मांडीवर होता. मंडळाच्या बैठकीसाठी त्यांनी मला वृत्त लिहायला बसवलं आणि एकेक शब्द सांगितला. समितीने घेतलेल्या ठाम व अभ्यासपूर्ण भूमिकेमुळे व्हॅनचालकास वाढीव दराची मागणी मागे घ्यावी लागली.

मी ते लिहिलं. मग खाली माझ्या मनानं लिहिलं: या काळात सहा मुलींची शाळा बंद होती. त्यांपैकी दोघी नापास झाल्या व एकीला मॅट्रिकला बसता आले नाही.

वडिलांनी वाचलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. कागद हळूच माझ्याकडे सरकवून म्हणाले, "हे वृत्तात येत नाही. दुसरा कागद घे."

मला दौत भिंतीवर फेकावीशी वाटली. ती मी फेकली नाही, याचा मला आजही राग येतो. मी दुसरा कागद घेतला, समास आखला आणि फक्त त्यांचं वाक्य लिहून काढलं.

रविवारी ते वाचून झाल्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. मी चिवड्याच्या बशा घेऊन बाहेर आले. समितीतले एक काका कागद उजेडात धरून बघत होते. म्हणाले, "काय सुरेख अक्षर आहे हो पोरीचं! मॅट्रिक झाली ना यंदा?"

"यंदा बसवली नाही," वडील म्हणाले. "घाई काय आहे?"

मार्गशीर्षात त्यांनी माझं लग्न लावून दिलं. त्याची मात्र घाई होती.