उपाशी झोपलेली कासवं

नाशिकच्या थंडीने जोर धरला आणि आमच्या परसातल्या हौदात दोन्ही कासवं तळाशी जाऊन बसली. खाणं बंद, हालचाल नावापुरती. कासवं खरं तर लेकीची. ती शिकायला बंगळुरूला गेली आणि ही जोडी आमच्या गळ्यात पडली.

"आई, थंडीत ती अशीच झोपतात. उठवू नकोस, आणि खायला तर मुळीच घालू नकोस. त्यांना पचत नाही," लेकीने फोनवर बजावलं.

बायकोने हो म्हटलं खरं, पण आमच्या घरात उपाशी झोपायची सोय नाही. तापाने फणफणलेल्यालाही ही हलवून उठवते आणि म्हणते, "दोन घास खा, मग खुशाल झोप." आता रोज सकाळी पालकाचं पान हातात घेऊन ती हौदाच्या काठावर उभी राहायची, तळाकडे बघत बसायची आणि पान तसंच घेऊन परत यायची. त्या थंडीत आम्ही पालकाची भाजी बरीच खाल्ली. भरवायला माया लागते, हे मी हिच्याकडे इतकी वर्षं बघतच होतो; न भरवता नुसतं थांबायला त्याहून जास्त लागत असावी.

ऊन तापायला लागलं, तशी एका सकाळी दोन नाकं पाण्यावर आली. ही पान घेऊन धावली.

"अगं बाई, किती वाळलात रे!"

मी निरखून पाहिलं. कवचं होती तेवढीच होती. पण लेक सुट्टीला घरी येते, तेव्हाही हिला जे दिसतं ते मला कधीच दिसत नाही.